‘सकाळी हातातून वस्तू उडतात का?’ : दूरस्थ तज्ज्ञ-मार्गदर्शनाचं एक प्रकरण

(रुग्ण, डॉक्टर आणि ठिकाण यांची ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. या कामात समन्वयाची जबाबदारी माझ्याकडे होती.)

पार्श्वभूमी

डोंगराळ भागातली विखुरलेली आरोग्य केंद्रं, त्या सगळ्यांसाठी मिळून एक लहान रुग्णालय, आणि मेंदूविकारतज्ज्ञ थेट शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात. मधल्या प्रवासात अख्खा दिवस जातो. आरोग्य केंद्रातले डॉक्टर बहुतेक नुकतेच शिकून बाहेर पडलेले. बाळंतपण, ताप, सर्पदंश या गोष्टींना ते पटकन हात घालतात. अपस्माराच्या, म्हणजे वारंवार फिट्स येणाऱ्या, रुग्णासमोर मात्र बिचकतात. बिचकावं अशीच परिस्थिती असते म्हणा, कारण हा आजार तपासणीच्या टेबलावर सहसा दिसतच नाही. रुग्ण समोर बसलेला असतो तेव्हा अगदी धडधाकट असतो. जे घडलं ते घरी, दोन दिवसांपूर्वी, दुसऱ्या कुणासमोर.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यातले जवळपास ८० टक्के कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नीट निदान आणि औषध मिळालं तर यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट्स पूर्ण थांबू शकतात. तरीही सर्वांत गरीब देशांत चारातल्या तिघांना उपचार मिळत नाहीत. त्यासाठी नवीन शोध लागायची वाट पाहावी लागते असंही नाही. फिनोबार्बिटाल हे अपस्मारावरचं औषध १९१२ पासून वापरात आहे, स्वस्त आहे आणि दिवसातून एकदा घेतलं तरी चालतं. अडतं ते योग्य माणसाला योग्य गोळी सुरू करणं आणि ती वर्षानुवर्षं चालू ठेवणं, इथे.

आमच्या भागात यावर एक उपाय आधीच केलेला होता. रुग्णालयात कॅमेरा आणि मोठा पडदा असलेली खोली होती. ठरलेल्या दुपारी रुग्ण तिथे बसायचा आणि पलीकडून तज्ज्ञ थेट त्याच्याशी बोलायचे. कागदावर योजना चांगली होती. प्रत्यक्षात आरोग्य केंद्रात जी रांग लागायची ती आता पडद्यासमोर लागू लागली.

अडचण

सतरा वर्षांची एक मुलगी. दोन वर्षांत काही वेळा संपूर्ण अंगाला झटके, दातखीळ, तोंडाला फेस, नंतर तासभर गाढ झोप. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी अपस्माराचं निदान केलं आणि कार्बामाझेपिन हे औषध सुरू केलं. भांडारात होतं, पुस्तकातही होतं. फिट्स थांबल्या नाहीत. मग तिला पडद्याच्या खोलीत पाठवलं.

त्या दुपारी नेमकं काय झालं ते नंतर सगळ्यांशी बोलून जुळवता आलं. मुलगी आणि वडील पहाटे निघून दुपारी पोहोचले होते. संपर्क दोनदा तुटला. वडिलांनी मोठी फिट कशी येते ते सांगितलं, कारण त्यांना तीच लक्षात राहिली होती. तज्ज्ञांनी ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) आणि मेंदूचा एमआरआय करायला सांगितलं, आणि तोवर कार्बामाझेपिनचा डोस वाढवायला. तपासण्या शहरातच होणाऱ्या. त्या झाल्या नाहीत. डोस ४०० मिलिग्रॅमवरून ८०० वर गेला.

फिट्स वाढल्या. मुलीने शाळेत जाणं सोडलं. एकदा घरच्यांनी वैतागून गोळ्याच बंद केल्या. हे फार धोक्याचं असतं. अपस्माराचं औषध अचानक तोडलं तर फिट लागोपाठ येत राहून थांबतच नाही अशी अवस्था ओढवू शकते. सुदैवाने आरोग्यसेविकेला दोन दिवसांत कळलं आणि तिने औषध पुन्हा सुरू करायला लावलं.

याच सुमारास केंद्रातल्या तरुण डॉक्टरांचा आम्हाला निरोप आला: “डोस वाढवतोय तशा फिट्स वाढताहेत. तज्ज्ञांचाच सल्ला पाळतोय. आता मी काय करू?”

या निरोपाने मला जागेवर थांबवलं. इथे तज्ज्ञ उपलब्ध नव्हते असं नाही. रुग्णाची आणि त्यांची गाठ पडली होती. तरी हवी ती माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती आणि त्यांचं ज्ञान या डॉक्टरांपर्यंत उतरलं नव्हतं. ज्या डॉक्टरांना पुढचे सहा महिने हा रुग्ण सांभाळायचा होता ते त्या वेळी आपल्या ओपीडीत होते. सल्ला त्यांना एका कागदावर मिळाला, कारणांशिवाय.

समोर कोणते पर्याय होते

पहिला, नेहमीचा: मुलीला शहरात पाठवणं. एका रुग्णापुरता हा पर्याय खराब नव्हता आणि तो शेवटपर्यंत राखून ठेवला होता. पण ती तिथून परत येणार होती याच केंद्रात, याच डॉक्टरांकडे.

दुसरा: पडद्यावरच्या भेटी वाढवणं. व्यवस्थापनाचा ओढा इकडे होता, कारण भेटींचा आकडा अहवालात लिहिता येतो. तज्ज्ञांकडे मात्र वाढवायला वेळच नव्हता. शिवाय मूळ दोष तसाच राहणार होता.

तिसरा: लेखी विचारणा. रुग्णाची हकीकत, फोटो किंवा व्हिडिओ पाठवायचा, तज्ज्ञांनी सवडीने उत्तर द्यायचं. ही पद्धत जुनी आणि अनुभवाने तावून निघालेली आहे. स्विनफेन दांपत्याने १९९८ मध्ये याच कामासाठी एक धर्मादाय संस्था काढली. तिची पहिली जोडणी १९९९ मध्ये ढाक्याजवळच्या एका पुनर्वसन केंद्राशी झाली, आणि त्यासाठी लागलं काय, तर डिजिटल कॅमेरा, तिपाई आणि ईमेल. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही, आणि नेटवर्क रडतखडत असलं तरी चालतं. त्वचारोग, एक्स-रे, जखमा यांना ही पद्धत फार छान लागू पडते. अपस्मारात अडचण अशी की हकीकत लिहिणाऱ्यालाच कुठला प्रश्न महत्त्वाचा ते ठाऊक नसेल, तर कागदावर त्याचं उत्तर येणार कुठून?

चौथा: सामूहिक चर्चा. यात रुग्ण पडद्यासमोर नसतो. वेगवेगळ्या केंद्रांतले डॉक्टर एकत्र जोडले जातात, त्यातला एक आपली केस मांडतो, बाकीचे प्रश्न विचारतात, तज्ज्ञ दिशा देतात. न्यू मेक्सिको विद्यापीठातले यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट इको’ या नावाने हे सुरू केलं. त्यांच्या हेपटायटिस सीच्या क्लिनिकमध्ये नंबर लागायला आठ-आठ महिने लागत होते. त्यांनी रुग्णांना आपल्याकडे ओढायचं सोडून गावोगावच्या डॉक्टरांना आणि तुरुंगांतल्या दवाखान्यांना हा उपचार शिकवायला घेतला. २०११ मध्ये त्यांच्या ४०७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के रुग्णांच्या रक्तातून विषाणू गेला, गावांतल्या व तुरुंगांतल्या २१ केंद्रांवर ५८.२ टक्के. गंभीर दुष्परिणाम तर केंद्रांवर कमी होते, ६.९ टक्के विरुद्ध १३.७.

हे आकडे बैठकीत मांडले की सगळे माना डोलावतात. मला त्यात दोन खाचखळगे दिसत होते आणि ते मी बोलूनही दाखवले. एक म्हणजे तो अभ्यास चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटलेला नव्हता. कोण कुठे उपचार घेतो हे आधीच ठरलेलं होतं. दुसरं जास्त महत्त्वाचं. हेपटायटिस सीच्या उपचाराला शेवट असतो आणि तो रक्ततपासणीत दिसतो. अपस्माराला असा शेवट नाही. इथे यश म्हणजे काहीतरी न घडणं, आणि तेही घरच्यांनी सांगितलं तर कळणार.

पाचवा पर्याय तज्ज्ञांच्या शिबिराचा. दर तीन महिन्यांनी तज्ज्ञ येणार, एका दिवसात शे-दीडशे रुग्ण पाहणार. लोकप्रतिनिधींना हा फार आवडतो. आम्ही तो बाजूला ठेवला.

काय ठरलं आणि का

तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र करायचं ठरलं. दर पंधरवड्याला सामूहिक चर्चा. मधल्या काळात अडलं तर लेखी विचारणा. पडद्याची खोली बंद केली नाही, पण तिथे आता रुग्णासोबत त्याचे डॉक्टर बसल्याशिवाय भेट सुरू करायची नाही, असं ठरलं.

नियम ठरवताना खरी घासाघीस झाली. तज्ज्ञ आधी बोलणार नाहीत, हा नियम त्यांना स्वतःला विचित्र वाटला. “मला उत्तर माहीत असताना मी गप्प बसू?” असं त्यांनी विचारलं. शेवटी तडजोड अशी झाली की पहिली दहा मिनिटं इतर केंद्रांचे डॉक्टर केस मांडणाऱ्याला फक्त प्रश्न विचारतील. सल्ला नाही, प्रश्नच. त्यानंतर तज्ज्ञ.

जबाबदारीचा मुद्दा आम्ही पहिल्याच दिवशी लेखी केला. चर्चेतून मिळतो तो सल्ला. रुग्णाबाबतचा निर्णय आणि केसपेपरवरची सही उपचार करणाऱ्या डॉक्टरांची. हे स्पष्ट नसेल तर दोन्हीकडचे लोक हात आखडता घेतात: तज्ज्ञ भीतीपोटी प्रत्येकाला एमआरआय लिहून देतात आणि केंद्रातले डॉक्टर ‘वरून सांगितलं’ म्हणून मोकळे होतात.

तातडीचा रुग्ण या मार्गावर आणायचाच नाही, असंही ठरलं. फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर मोबाईल हातात घ्यायचा नाही, फिट थांबवणारं औषध, मिडाझोलाम किंवा डायझेपाम, हातात घ्यायचं. ही सूचना प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावली, आणि औषध कुठल्या खणात आहे तेही तिथेच लिहिलं.

व्हिडिओबाबत सूचना त्याहून बारीक होत्या. घरच्यांना फिटचा व्हिडिओ काढायला सांगायचं ते असं: आधी रुग्णाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हटवा, तोंडात काही घालू नका. दुसरा कुणी हजर असेल तरच मोबाईल उचला. चेहरा आणि पूर्ण अंग दोन्ही दिसू द्या, डोळे उघडे आहेत की मिटलेले ते दिसू द्या, नावाने हाक मारा, आणि झटके थांबले तरी लगेच बंद करू नका. शुद्धीवर कसा येतो तेही हवं असतं. डोळ्यांचं एवढं कौतुक कशाला असं एका डॉक्टरांनी विचारलं होतं. अपस्माराच्या मोठ्या फिटमध्ये डोळे बहुतेक वेळा उघडे असतात. संपूर्ण वेळ घट्ट मिटलेले असतील तर दुसऱ्या, मानसिक ताणाशी जोडलेल्या झटक्यांचा विचार करावा लागतो, आणि त्यांना अपस्माराच्या गोळ्यांचा उपयोग नसतो.

संमती घेतल्याशिवाय व्हिडिओ नाही, नाव-गाव नाही, चर्चा झाली की वैयक्तिक मोबाईलमधून काढून टाकायचा. शेवटचा नियम किती पाळला जातो हे तपासायला आमच्याकडे साधन नव्हतं आणि आजही नाही.

पहिली चर्चा

या मुलीचीच केस पहिली ठेवली. तरुण डॉक्टरांनी सगळं नीट मांडलं: वय, फिट्सचं वर्णन, औषध, डोस, वजन. मग प्रश्न सुरू झाले. लहानपणी तापात फिट आली होती का? डोक्याला मार? घरात आणखी कुणाला? गोळ्या नियमित घेते का? उत्तरं तयार होती.

शेजारच्या केंद्रातल्या एका डॉक्टरबाई, ज्यांनी शिकत असताना काही महिने मेंदूविकार विभागात काढले होते, त्यांनी विचारलं, “सकाळी उठल्या-उठल्या हातातून वस्तू उडतात का हो तिच्या?”

डॉक्टर म्हणाले, तसं काही कुणी सांगितलं नाही. आणि मग त्यांच्या मागे बसलेल्या आरोग्यसेविका ताई, ज्यांना त्या दिवशी केवळ रजिस्टर घेऊन बोलावलं होतं, म्हणाल्या, “उडतात की. सकाळी केस विंचरताना फणी लांब जाऊन पडते तिची. आई ओरडते तिला, लक्ष कुठे असतं म्हणून. मला वाटलं अशक्तपणा.”

तज्ज्ञांना पुढे फार बोलावं लागलं नाही. पौगंडावस्थेत सुरुवात, सकाळी हातांना अचानक बसणारे हिसके, अपुऱ्या झोपेनंतर मोठी फिट: ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी या अपस्माराच्या प्रकाराचं हे नेहमीचं चित्र आहे. या प्रकारात कार्बामाझेपिनने हिसके वाढू शकतात. फेनिटॉइन या दुसऱ्या नेहमीच्या औषधाचंही तेच. म्हणजे डोस वाढवल्यावर फिट्स वाढत होत्या यात गूढ काही नव्हतं.

दोन दिवसांनी ताईंनी मुलीच्या आईकडून सकाळचा व्हिडिओ घेतला. काही सेकंदांत दोन्ही खांद्यांना तीन-चार झटके, मुलगी पूर्ण शुद्धीत, थोडीशी ओशाळलेली. एमआरआय लागला नाही. ईईजी झाला असता तर बरं झालं असतं, पण त्यावाचून औषध बदलण्याइतपत खात्री झाली होती. हा निर्णय तज्ज्ञांनी बोलून दाखवला आणि डॉक्टरांनी कारणासकट केसपेपरवर लिहिला.

औषध कोणतं?

निदानापेक्षा इथे जास्त वेळ गेला, आणि ते योग्यच होतं.

या प्रकारच्या अपस्मारावर व्हॅल्प्रोएट सर्वांत प्रभावी मानलं जातं आणि ते भांडारात भरपूर होतं. पण मुलगी सतरा वर्षांची. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलं तर सुमारे १० टक्के बाळांमध्ये जन्मजात व्यंग आढळतं, एरवी हे प्रमाण २ ते ३ टक्के असतं. आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या वाढीत, बोलण्यात, शिकण्यात अडचणी दिसतात. मूल होण्याच्या वयातल्या मुलींना आणि स्त्रियांना हे औषध देऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. “ती काय लगेच आई होणार नाही, सध्या देऊ या, नंतर बदलू,” असं एकाने सुचवलं. तज्ज्ञांनी नकार दिला: नंतर बदलणार कोण? तोवर तुमची बदली झालेली असेल, आणि गोळी लागू पडलेली असेल तर ती सोडायला तीही तयार होणार नाही.

“मग लेव्हेटिरासिटाम द्या,” तज्ज्ञ म्हणाले.

“सर, ते आमच्या यादीतच नाही.”

मोठ्या रुग्णालयात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला हे पटकन उमगत नाही. त्यांनी लॅमोट्रिजिनचं नाव घेतलं. तेही नव्हतं, शिवाय ते आठवड्या-आठवड्याने फार हळू वाढवावं लागतं, पुरळ आलं तर लगेच ओळखावं लागतं आणि काही रुग्णांत हिसके त्याने वाढतातही. फिनोबार्बिटाल होतं. त्याने काम भागलं असतं, पण सुस्ती येते, अभ्यासावर परिणाम होतो, आणि गरोदरपणाच्या दृष्टीने तेही निर्धोक नाही. या मुलीला शाळेत परत जायचं होतं. ती गोष्ट तिने स्वतः ताईंना सांगितली होती आणि ताईंनी ती चर्चेत मांडली. माझ्या मते निर्णयाचा काटा तिथे फिरला.

ठरलं ते असं: रुग्णालयाच्या तातडीच्या स्थानिक खरेदीतून लेव्हेटिरासिटाम घ्यायचं. ते हातात येईपर्यंत क्लोबाझाम या दुसऱ्या गोळीचा आधार देऊन कार्बामाझेपिन टप्प्याटप्प्याने खाली आणायचं. नवीन गोळीने चिडचिड किंवा उदासी वाढते का यावर ताईंनी लक्ष ठेवायचं. झोप पुरेशी, जागरण नाही. पाण्यात, उंचावर, आगीजवळ एकटीने जायचं नाही. आईला समजावून सांगायचं की फणी पडते ती लक्ष नसल्यामुळे नव्हे.

पुढे काय झालं

काही आठवड्यांत सकाळचे हिसके थांबले. मुलगी शाळेत जाऊ लागली.

मग औषध संपलं. स्थानिक खरेदी एकदाच मंजूर झाली होती. दुसऱ्या वेळी फाईल लेखा विभागात अडकली. गोळ्या संपल्या, जागरण झालं आणि तिला पुन्हा मोठी फिट आली. रुग्णालयाच्या औषध निर्माण अधिकाऱ्यांनी तोवर आमच्या एकाही चर्चेत भाग घेतलेला नव्हता, कारण त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. त्यांना विचारल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की वार्षिक इंडेंटमध्ये, म्हणजे औषधांच्या मागणीपत्रात, नाव घालायचं तर त्याची मुदत असते, आणि त्यासाठी तज्ज्ञाची सही असलेली कारणमीमांसा लागते. ते पत्र तज्ज्ञांनी दुसऱ्याच दिवशी लिहून दिलं. आधी कुणी मागितलंच नव्हतं.

औषध यादीत आलं. या एका पत्राचा फायदा किती रुग्णांना झाला असेल त्याचा हिशेब आम्ही ठेवला नाही, पण मला विचाराल तर तज्ज्ञांनी या सगळ्या काळात केलेलं सर्वांत मोलाचं काम तेच होतं. शहरातल्या विभागप्रमुखाच्या शब्दाला जे वजन असतं ते आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरच्या शब्दाला नसतं.

दुसरा परिणाम रजिस्टरांत दिसला. तो सकाळचा प्रश्न केंद्राकेंद्रांत पसरला. डॉक्टरांनी कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन घेणाऱ्या तरुण रुग्णांची नावं काढून एकेकाला विचारलं, आणि आणखी काही जण सापडले. पडद्याच्या खोलीत एकेका रुग्णावर मिळालेल्या उत्तरांतून असं कधी झालं नव्हतं.

उत्साहाच्या भरात थोडं तारतम्यही सुटलं. काही दिवस ज्याच्या हातातून वस्तू पडेल तो प्रत्येक जण संशयित ठरू लागला. हात थरथरणाऱ्या एका आजोबांनाही हा प्रश्न विचारला गेला. पुढच्या चर्चेत तज्ज्ञांनी थरथर आणि हिसका यांतला फरक व्हिडिओ शेजारी-शेजारी लावून दाखवला, तेव्हा ते थांबलं.

जिथे हा मार्ग उपयोगाचा नव्हता

एक केस मुद्दाम सांगायला हवी. शाळकरी मुलगा, धावताना अचानक कोसळतो, हातापायांना थोडे झटके, मिनिटभरात पूर्ण शुद्धीवर. ‘फिट’ म्हणून लेखी विचारणा आली. उत्तर यायला दीड दिवस लागला, आणि उत्तर असं होतं: हे फिटसारखं वाटत नाही, ईसीजी काढा, आजच काढा, आणि पळणं बंद ठेवा. श्रम करताना शुद्ध हरपणं हे हृदयाच्या ठोक्यातल्या गडबडीचं लक्षण असू शकतं, आणि मेंदूला रक्त कमी पडलं की थोडे झटके येतातच. मुलाला हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं गेलं.

उत्तर बरोबर होतं. मला खटकतो तो दीड दिवस. लेखी विचारणेच्या नमुन्यात तोवर ‘काय करत असताना आली?’ हा रकानाच नव्हता. तो घातला, आणि त्यापुढे ठळक अक्षरांत लिहिलं: पळताना, खेळताना किंवा घाबरल्यावर आली असेल तर उत्तराची वाट पाहू नका, ईसीजी काढा आणि पाठवा.

वेगळं काय करता आलं असतं

औषध निर्माण अधिकारी पहिल्या दिवसापासून चर्चेत हवे होते. कुठल्या केंद्रात काय आहे याची यादी प्रत्येक चर्चेच्या सुरुवातीला तज्ज्ञांसमोर असती तर ‘ते आमच्याकडे नाही’ यात गेलेला वेळ वाचला असता, आणि मुलीचा खंडही कदाचित टळला असता. आता ती यादी आदल्या दिवशी जाते.

आरोग्यसेविकांना मागच्या रांगेत बसवलं होतं. त्यांच्याकडे जी माहिती होती ती डॉक्टरांकडे नव्हती, कारण सकाळी सात वाजता रुग्णाच्या घरी त्या असतात. सुरुवातीला चर्चा वैद्यकीय परिभाषेत, अर्धीअधिक इंग्रजीत चालायची आणि त्या गप्प बसायच्या. केस मांडण्याआधी ताईंचं बोलणं ऐकायचं, ही पद्धत बऱ्याच उशिरा सुरू झाली. त्याचा आणखी एक फायदा आहे: डॉक्टरांची बदली होते, ताई तिथेच राहतात. तो तरुण डॉक्टर गेला तेव्हा नव्या डॉक्टरला या मुलीची हकीकत ताईंनीच सांगितली.

चर्चेची वेळ लसीकरणाच्या दिवशी ठेवली होती. ठरवणाऱ्यांमध्ये केंद्रातलं कुणी नव्हतं, दुसरं काय. वेळ बदलल्यावर हजेरी सुधारली.

मोजायला घेतलं तेही चुकीचं होतं असं माझं मत आहे. किती चर्चा झाल्या, किती डॉक्टर हजर होते, हे आकडे अहवालात छान दिसतात. मोजायला हवं होतं ते हे: नाव नोंदलेल्या रुग्णांपैकी किती जण सहा महिन्यांनी गोळी घेताहेत, किती जणांच्या गोळीत खंड पडला, आणि खंड कशामुळे पडला. अपस्मारासाठीची सेवा २०२१ च्या तुलनेत २०३१ पर्यंत ५० टक्क्यांनी वाढवायची, असं उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेच्या आराखड्यात आहे. सेवा म्हणजे काय मोजायचं, हे मात्र ज्याचं त्याला ठरवावं लागतं. आम्ही खंडांची नोंद दुसऱ्या वर्षी सुरू केली. तिच्यातून पहिली गोष्ट कळली ती अशी की बहुतेक खंड रुग्णाच्या निष्काळजीपणामुळे नव्हते. केंद्रात गोळी नव्हती.

एका प्रश्नावर अजून एकमत नाही. तज्ज्ञ या चर्चांना आपल्या ओपीडीच्या वेळाबाहेर बसतात आणि त्याचा मोबदला त्यांना मिळत नाही. काहींच्या मते तो द्यावा, नाहीतर हे काम एका माणसाच्या चांगुलपणावर टांगलेलं राहील. महाविद्यालयाचं म्हणणं असं की हा अध्यापनाचाच भाग आहे, म्हणून कामाच्या तासांत धरावा. तो धरला गेला तर निदान दुसऱ्या कुणाची तरी पाळी लावता येईल. सध्या ते रजेवर असले की आमची चर्चा पुढे ढकलली जाते, आणि त्या पंधरवड्यात लेखी विचारणा शेजारच्या केंद्रातल्या त्याच डॉक्टरबाई पाहतात.